पहिला घाणा कोणाचा

३ जानेवारी, शनिवार

आजही पहिला घाणा माझाच. सकाळी तेल काढायची मशीन थंड असते. पहिल्या बियांचं तेल तिच्या पोटातच राहतं, ते नीट सुटत नाही. म्हणून पहिलं व्हायला कोणी तयार नसतं. सगळे गाठोडी घेऊन कुडाला टेकून बसतात आणि एकमेकांकडे बघतात. शेवटी मी घरचं जवस टाकतो, मशीन तापते, मग सगळ्यांना एकदम घाई.

घरच्या जवसाचं पोतं अर्ध्याच्या खाली आलं. उतेऱ्याचं, म्हणजे धानाच्या उभ्या पिकात पेरलेलं, नवं जवस निघायला अजून वेळ आहे. रोज एक डबा धरला तर पुरेल. पुन्हा हिशेब केला. पुरेल.

सोनूबाई उईके गावाबाहेरच्या वस्तीवरून, टोल्यावरून, मोहाच्या बिया म्हणजे टोरी घेऊन आली होती. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मशीनजवळ बसते, पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. म्हणते, "तेल अन् पोरगं, नजर हटली का दुसऱ्याच्या घरात." टोरीची ढेप, तेल निघाल्यावर उरलेली पेंड, ढोरं तोंडाला लावत नाहीत, म्हणून टोरीवाल्यांकडून मी एक पळी तेल घेतो. माझी पळी मोठी आहे असं तिचं म्हणणं. उद्या ती स्वतःच्या घरची पळी आणून दाखवणार आहे.

६ जाने., मंगळ.

सुनीताताई आणि भाऊजी (यापुढे भा.) जेवायला आले होते. जेवण्याआधी भा. शेडमध्ये गेले. इंजिनवर तळवा ठेवून उभे राहिले, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. इंजिन त्यांचंच. धान कापून झाल्यावर मला वापरायला दिलं. तेव्हाच म्हणाले होते, उन्हाळी धानाला पाणी लागेपर्यंत.

आज पुन्हा म्हणाले, "धानाचे पऱ्हे टाकून झाले. पानी लागलं का इंजिन नेतो. मंग तोंड पाडू नको."

मी म्हटलं, नाही पाडणार.

नवं जवस निघायची आणि इंजिन जायची वेळ एकच. हे मला दिवाळीतच कळायला हवं होतं. वर्षभराचं खरं काम त्याच दीड महिन्यात.

बाबा पुन्हा कर्जाचं बोलले. योजना आहे, तरुणांसाठी आहे, कायले भेतोस. बँकेत मी मागे गेलो होतो. कोटेशन, तारण, सही करणारे दोन जण. कागद जमले असते. पण मी दाराची कडी लावल्यावर तीनदा बघणारा माणूस आहे. हप्ता मला झेपणार नाही. हे बाबांना असं सांगता येत नाही, म्हणून म्हटलं, बघू.

९ जाने., शुक्र.

गोंदियाला गेलो. कुडव्याजवळ एका सेठच्या आवारात जुनी इंजिनं असतात असं कळलं होतं. एक बघितलं. वरून रंग नवा, आतून जुनं, पण आवाज बरा. हँडल मारलं तर दुसऱ्या फेरीत चालू झालं.

सेठ ढेपेचाच व्यापार करतो. मी ढेप काढतो हे कळल्यावर चहा मागवला. म्हणाला, इंजन आज ले जाओ. पैसा मत दो. तुम्हारी सारी ढेप मेरे पास आएगी, मेरे भाव में, जब तक इंजन का हिसाब पूरा नहीं होता. हिसाब कोण ठेवणार ते विचारलं तर हसला.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

"सोच लो, बाबू. सोचने का पैसा नहीं लगता."

परत येताना कोहमाऱ्याला उतरलो. ज्या ढाब्यावर दोन वर्षं काम केलं तिथे उभा राहून चहा प्यायलो. मशीन तिथल्याच पगारातून, बंद पडलेल्या घाणीवाल्याकडून भंगाराच्या भावात घेतली. शेडचा बांबू घरचा. पट्टा भातगिरणीतला टाकून दिलेला, शिवून घेतलेला. इंजिन भा.चं. आतापर्यंत एका गोष्टीसाठीही कोणापुढे सही केलेली नाही.

माझं सगळं ढेपेवर चालतं. जवसाचं तेल ज्याचं त्याचं, ढेप माझी, रोख कोणी देत नाही. ढेप म्हशीवाले नेतात, त्यातून डिझेल येतं, उरलं ते स्वतःच्या इंजिनसाठी साठवायच्या डब्यात. ढेप सेठकडे गेली तर डिझेल कुठून

१२ जाने., सोम.

पट्टा तुटला. आता शिवण धरत नाही. दुसरा घ्यावा लागला.

डब्याला हात लावायचा नाही हा नियम. म्हणून घरचं उरलेलं जवस विकलं. विकताना आई दारात उभी होती. मडक्यातलं बियाण्याचं जवस तेवढं आत नेऊन ठेवलं, जणू मी तेही उचलणार होतो.

१३ जाने., मंगळ.

घरचं जवस नाही, तर पहिलं काय टाकायचं? एक युक्ती सुचली. टोल्यावरची माणसं सर्वांत आधी येतात. त्यांची टोरी पहिली काढायची, मशीन तापली की भाताचा कोंडा फिरवून ती साफ करायची, मग गावाचं जवस.

सोनूबाई ऐकेना. "तुया मशीनले मी काऊन जेवन देऊ? ते का माही सून आहे?" शेवटी ठरलं, पहिल्या घाण्याला तेलाची पळी माफ. तयार झाली. पळी तिने उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवली, मी विसरू नये म्हणून.

यात माझं फारसं काही जात नाही. हे आधीच सुचायला हवं होतं.

१४ जाने., बुध.

संक्रांत. बंद. मशीनचे बोल्ट आवळले. डब्यात अजून निम्मंही इंजिन नाही.

१६ जाने., शुक्र.

शांताकाकूंचं जवस काढलं. आमच्याच गल्लीतल्या. दोन पोती, या हंगामातलं सर्वांत मोठं काम. रविवारी त्यांच्या पोरीचं साक्षगंध (साखरपुडा) आहे, वडे याच तेलात.

सकाळी टोल्यावरची टोरी पहिली. नंतर कोंडा फिरवला, पण कोंडा पाटीभरच उरला होता. गिरणीवर जाऊन आणायचा तर इंजिन बंद करावं लागलं असतं आणि मशीन पुन्हा थंड. चालू ठेवलं तर डिझेल फुकट. मशीनच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. काही आला नाही. जवस टाकलं.

तेल भरपूर निघालं. ढेपेच्या दोन पाट्या. काकू खूश होत्या, साक्षगंधाला ये म्हणाल्या.

१९ जाने., सोम.

शांताकाकू सकाळी शेडमध्ये आल्या. चार-पाच माणसं बसलेली होती. पदराच्या टोकात दोन वडे बांधून आणले होते. आवाज चढवला नाही.

"खाय."

खाल्ला.

"दुसरा बी खाय. मंग सांग कायचा वास येते."

मी म्हटलं, टोरीचा.

"मले कायले सांगतोस? त्या पाहुन्यायले सांग."

पाहुण्यांनी वडे पत्रावळीच्या काठाला सारून ठेवले. मुलाच्या आत्याने विचारलं म्हणे, तुमच्याकडे साबणात तळतात का? मग दुकानातून पाकिटाचं तेल आणून दुसरा घाणा तळला, तोवर अर्धी पंगत उठली होती. साक्षगंध मोडलं नाही, पण आत्या जाताना काकूंशी बोलली नाही.

वास मला का आला नाही ते आता कळतं. सकाळपासून टोरीत बसलेल्या नाकाला टोरी कळत नाही. मला वास नाही म्हणजे वास नाही, असं मी धरून चाललो. कोणाला तरी बाहेरून बोलावून नाक लावायला सांगायचं होतं. एवढंच होतं.

काकू म्हणाल्या, "माहं जवस परत दे. अन् ढेप बी. तुयी ढेप कायची? ढेप कामाची अस्ते."

दोन्ही पाट्या मीच डोक्यावर घेऊन त्यांच्या घरी पोचवल्या.

२१ जाने., बुध.

डबा उघडला. गावात जुनं जवस फिरून फिरून मिळवलं आणि दोन पोती काकूंच्या ओसरीत ठेवली. त्यांनी मोजली नाहीत, आत जाऊन दार लोटलं. मोजली असती तर बरं वाटलं असतं.

बाबा म्हणाले, एकाच घाण्यात ढाब्यावरची दोन वर्षं गेली. खरं आहे. पण ते बोलून दाखवायची

२४ जाने., शनि.

पाच दिवस झाले, गिऱ्हाईक नाही. आज एक जण आला. मशीनच्या तोंडाशी वाकला, वास घेतला, गाठोडं उचललं, गेला. मशीन मी गरम पाण्याने, कोंड्याने, राखेने साफ केली आहे. पण ते सांगायचं कोणाला? आता टोल्यावरचेही येत नाहीत. त्यांचं तेल मी बिघडवलं नव्हतं. पण गावातले लोक त्यांच्याच टोरीला नावं ठेवून राहिले, म्हणून.

२५ जाने., रवि.

इंजिन गेलं. भा. ट्रॅक्टर घेऊन आले. मीच बोल्ट सोडले, मीच ढकललं. तोंड पाडलं नाही. ताईने फोनवर विचारलं, जेवलास का. म्हटलं, जेवलो.

शेडमध्ये चार भोकं आणि ऑइलचा डाग. दुपारी मांजर त्या जागेवर झोपली होती. जमीन अजून तिथे गरम असेल असं तिला वाटलं असावं.

२९ जाने., गुरु.

सेठचा फोन. नंबर मी दिला होता, तेव्हा बरा वाटला होता. म्हणाला, इंजन खड़ा है, तुम्हारे नाम से खड़ा है.

बाबा ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "घे ना बे. ढेप त्याले दे, तेल काढून राहा. अब्रू गेली ते गेली, मशीन तरी चालंल."

आई म्हणाली, ढेप त्याला दिली तर इथल्या म्हशींना काय? म्हशीवाले दुसरीकडे गेले की परत येत नाहीत. आई कमी बोलते. बरोबर बोलते असं मी बाबांसमोर म्हटलं नाही.

१ फेब्रुवारी, रवि.

माघ पौर्णिमा. टोला रिकामा. सगळे कचारगडच्या जत्रेला गेले आहेत, एक म्हातारा आणि कोंबड्या तेवढ्या घरी. टोल्यावरूनच ताईच्या गावाला वाट जाते, म्हणून दिसलं.

इंजिनचं ऑइल बदललं की नाही हे भा.ना फोनवर तीनदा विचारून झालं होतं. शेवटी बघायलाच गेलो. नाल्याच्या काठाला जांभळाखाली ठेवलं आहे. ऑइल बदललेलं नव्हतं. मी बदललं.

बसून राहिलो तेव्हा एक गोष्ट दिसली. इंजिन पहाटेपासून पाणी उपसतं आणि दुपारच्या आधीच बंद होतं. नाला तळाला जातो. पुन्हा पाणी साचायला संध्याकाळ होते. म्हणजे सगळी दुपार इंजिन नुसतं उभं.

ताईला म्हटलं, दुपारी हे तुमच्या काही कामाचं नाही.

ती पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग मशीन इकडं आन ना. इंजिनले का पाय फुटनार आहेत, तुयाकडं याले?"

एवढी साधी गोष्ट. मी महिनाभर इंजिन मशीनकडे कसं आणायचं याचाच विचार करत होतो.

३ फेब्रु., मंगळ.

भा. तयार. अटी तीन. डिझेल माझं. पाणी आधी, तेल नंतर, नाल्यात पाणी असेल त्या दिवशी कुरकुर नाही. आणि त्यांच्या घरचं जवस काढायचं ते फुकट, ढेपही त्यांची. मी म्हटलं, ढेप अर्धी. ते म्हणाले, "सालेसाहेब मोठे व्यापारी झाले." ताई आतून म्हणाली, अर्धी. अर्धी ठरली.

मी माझीही एक अट घातली, स्वतःलाच. टोरी आणि जवस एका दिवशी नाही. बुधवारी टोरी, शनिवारी जवस. शुक्रवारी कोंड्याने साफ, आणि वास घ्यायला ताई. तिचं नाक टोरीत बसलेलं नसतं.

अडचण एकच. गावातून ते ठिकाण तासभर चालत. इतके दिवस घाणी दारात होती, आता लोक त्या नाल्यावर का येतील? आणि माझ्याकडे का येतील?

५ फेब्रु., गुरु.

सेठला नाही म्हणायला फोन लावला आणि म्हणालो, थांबा थोडं. का म्हणालो कळत नाही. तो म्हणाला, इंजन किसी और का भी हो सकता है. सोमवार, सोळा तारखेपर्यंत थांबतो म्हणाला.

८ फेब्रु., रवि.

मशीन भाड्याच्या बैलगाडीतून नेली. टोल्याच्या उतारावर एक चाक खाली गेलं. सोनूबाई कचारगडहून परत आलेली, कपाळाला अजून पिवळं होतं. तिने टोल्यावरची चार माणसं बोलावली, गाडी निघाली. मशीनकडे बघून म्हणाली, "काऊन रे नवरदेवा, वरात कुठं निघाली?"

सांगितलं. तिला जागा पसंत पडली. टोल्यापासून ती गावापेक्षा जवळ. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

खाली सागाचे ओंडके पुरले, त्यावर मशीन बसवली. पट्टा सरळ येईपर्यंत दिवस गेला. भा. म्हणाले, सुतळी धरून कोण बघतं. मी बघतो.

११ फेब्रु., बुध.

टोरीचा पहिला दिवस. दुपारी पाणी बंद झालं, पट्टा चढवला. टोल्यावरच्या सहा बायका आल्या आणि सहाही जणी भिंत नसल्यामुळे जांभळाला टेकून बसल्या. पुन्हा तेच. मशीन थंड, एकमेकींकडे बघणं.

मग सोनूबाई उठली. "पयली मी. रोज मीच पयली. पन तुयी पळी माही, आजपासून."

पळी माफ म्हणजे किती ते मनात मांडत होतो. तिने ओळखलं असावं. म्हणाली, "इतकं मोजशील तं म्हतारा होशील बे."

हो म्हटलं. तिने पळी खरोखर घरी नेली. उद्या कोहमाऱ्याच्या बाजारातून दुसरी आणावी लागेल. लहान आणावी.

१३ फेब्रु., शुक्र.

दोनदा कोंडा फिरवला. तीन पाट्या. ताईला बोलावलं, नाक लावायला सांगितलं. थोडा आहे म्हणाली. पुन्हा फिरवला. मग म्हणाली, आता कोंड्याचा येऊन राहिला.

गावात सांगून आलो. शांताकाकूंच्या दारात उभं राहायची हिंमत झाली नाही. त्यांच्या शेजारच्या घरात मोठ्याने सांगितलं.

पहिल्या घाण्याला जवस नाही. घरी आलो तर आईने बियाण्याचं मडकं बाहेर काढून ठेवलेलं. म्हणाली, "दिवाळीच्या आधी भरून दे. पेरायले लागंल." मी म्हटलं, नाही भरलं तर? म्हणाली, "मंग उतेरा नाही. जा."

बँकेने विचारलं त्यापेक्षा आईने कमी विचारलं. पण कडी मी रात्री चार वेळा बघितली.

१४ फेब्रु., शनि.

जवसाचा दिवस. पाणी दुपारी बंद झालं. पट्टा चढवून बसलो. कोणी नाही. भा. बांधावर बसून तंबाखू मळत होते. मडकं मी दोनदा उघडून पुन्हा झाकलं. गिऱ्हाईक नसताना बियाणं मशीनला घालायचं कसं, आणि मशीन तापवलेली नसली तर गिऱ्हाईक थांबेल कसं?

ऊन कलल्यावर बांधावरून कोणी तरी येताना दिसलं. डोक्यावर लहानसं गाठोडं. जवळ आल्यावर दिसलं, शांताकाकू. घामाघूम. बसल्या नाहीत. गाठोडं दोन ओंजळींपेक्षा फार मोठं नव्हतं.

"येवढंच आनलं. आधी पाहीन."

मी हँडल मारलं. त्यांनी विचारलं, "पयला घाना कोनाचा?"

मी मडकं उचललं आणि आईचं जवस टाकलं. निम्मं नाही, सगळं. काकू मडक्याकडे बघत राहिल्या. गावातल्या बाईला बियाण्याचं मडकं ओळखायला वेळ लागत नाही.

मशीन तापली. मग त्यांचं टाकलं. तेल आलं तेव्हा त्यांनी बोट बुडवलं, आधी वास घेतला, मग चाटलं. ताई आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी पदराला बोट पुसलं, बाटलीला बूच लावलं आणि निघाल्या. बरं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. पुढच्या शनिवारचंही काही नाही.

बांधाच्या टोकाशी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, ढेप पाटीतच आहे. हाक मारावी म्हणून उठलो. ताईने हात धरून खाली बसवलं. म्हणाली, "राहू दे. कामाची आहे."

मूठभर ढेप. भा.च्या म्हशीला एक घास होणार नाही. अजून कोमट आहे.

सेठचा फोन दोनदा येऊन गेला. सोमवारी सकाळी, पाणी चालू असेल तेव्हाच, इंजिनचा आवाज त्याला ऐकू जाईल असा उचलायचा आणि त्याला सरळ नाही